शेपटाचा दोर

मधलीने पंचेचाळिशी उलटल्यावर कयाक शिकायचं ठरवलं, तेव्हा अख्खा धक्का पोट धरून हसला. जिची हयात लाइफजॅकेटचे उसवलेले पट्टे शिवण्यात गेली, जी घोट्याच्या वर कधी पाण्यात उतरली नाही, ती आता त्या निमुळत्या, डुगडुगत्या होडीत पाय लांब करून बसणार आणि दुतोंडी वल्हं मारणार! "हिला म्हातारचळ लागला," असं धक्क्यावरचा वॉचमन तिच्या तोंडावर म्हणाला. मधली म्हणाली, "लागू दे. पाणी काय तुमच्या तीर्थरूपांचं आहे?" आणि होडीत बसली. पहिल्या दिवशी ती इतक्या वेळा उलटली, की बंदराच्या तेलकट पाण्याची चव आठवडाभर तिच्या जिभेवरून गेली नाही.

हसला नाही तो एकटा दाजी. दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, क्लबचा मालक आणि तिथला एकमेव गुरू. त्याने स्वतः तिला शिकवायला घेतलं. वल्हं कसं धरायचं, लाट आडवी आली तर कंबर कशी सैल सोडायची, उलटलेल्या होडीतून कसं निसटायचं, सगळं. "तुझ्या भावाचं राहिलेलं तू पुरं करते आहेस," असं तो चारचौघांत म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. दाजीचे डोळे फार पटकन भरायचे. मधलीने मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाईला गहिवरून आलं. बाईला गहिवर वगैरे काही आलेला नव्हता. ती दातओठ खात होती आणि ते दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली होती. ज्याचा काटा काढायचा त्याच्याकडूनच काटा काढायची विद्या ती शिकत होती, आणि मन लावून शिकत होती.

भाऊ म्हणजे बारक्या, घरचं शेंडेफळ. दोन बहिणींच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेला, आईच्या गळ्यातला ताईत. दाजीच्या क्लबात तो सगळ्यात चांगला वल्हेकरी होता. दोन वर्षांपूर्वी तो याच बंदरात गेला.

ते कसं झालं हे कळायला बंदर कसं आहे ते सांगायला हवं. भरतीला इथे मचवे, होड्या, बोये सगळं ऐटीत तरंगत असतं; ओहोटी लागली की तेच बंदर लाज सोडल्यासारखं उघडं पडतं. मधोमध चिखलाचा एक लांबलचक उंचवटा वर येतो. त्याला सगळे म्हैस म्हणतात. म्हशीच्या पाठीत एक अरुंद चीर आहे, तिचं नाव घसा. पाणी असलं तर घशातून गेल्यावर धक्का हाकेवर येतो. पाणी नसलं तर म्हशीला लांबचा वळसा घालावा लागतो. आणि पाणी आहे-नाही यात फरक असतो एका घटकेचा.

दर वर्षी क्लब पाहुण्यांना घेऊन बंदराची मोठी फेरी काढतो. फेरीत सगळ्यात पुढे नायक, सगळ्यात मागे शेपूट. शेपटाच्या कमरेला दोर असतो, दोराच्या टोकाला आकडा. कुणी दमलं, कुणाचा हात निखळला, तर शेपटाने त्याच्या होडीच्या नाकाला आकडा लावायचा आणि ओढत आणायचं. शेपटाचा स्वतःचाच जीव धोक्यात आला तर दोर सोडायलाही मुभा आहे. मात्र सोडला की वल्हं उभं धरून 'सोडला' असं ओरडायचं आणि किनाऱ्याला त्याच क्षणी कळवायचं. दोर सोडणं पाप नाही, सोडला हे लपवणं पाप. हा नियम दाजीनेच सगळ्यांच्या डोक्यात भरवला होता. आणि फेरीच्या आदल्या दिवशी नायक आणि शेपूट असे दोघेच वाट बघून येतात, ही तिथली रीत.

त्या वर्षी नायक बारक्या होता आणि शेपूट दाजी. दोघे गेले, एक आला. दाजीने चौकशीत सांगितलं, "मी नको नको म्हणत असताना तो ओहोटीत घशात घुसला. मी वळसा घालून आलो. मला वाटलं, तो माझ्याआधी पोचला असेल. मी त्याच्या जवळपासही नव्हतो हो!" आणि तो ढसाढसा रडला. बारक्या चिखलात मांडीपर्यंत रुतला होता आणि मग भरती आली होती. सगळ्यांनी मान हलवली. पोरगा गुणी, पण आगाऊ. ऐकलं असतं तर वाचला असता.

आईने तर त्याच्यावर डूखच धरला. मेलेल्या मुलावर! रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की तिची सुरुवात व्हायची. "मेल्याला कुणाचं ऐकायची सवयच नव्हती. सांगून जायची पद्धत नाही, उशीर होईल म्हणायची पद्धत नाही. मी आपली ताट झाकून बसले. कशाला घातला असला जन्माला?" त्याचा फोटो तिने भिंतीवर लावू दिला नाही. दाजी मात्र तिला देवासारखा. औषधं तो आणायचा, न्हाणीघरात धरायला दांडी त्याने बसवून दिली, दवाखान्यात तो न्यायचा. "जावई नाहीत, हे माझे मुलगाच आहेत," असं आई येईल त्याला सांगायची.

मधली आईजवळच राहायची. चहा तीच करायची आणि समोर बसून ते सगळं रोज ऐकायची.

आणि तिला एक गोष्ट ठाऊक होती. बारक्याची रिकामी होडी सगळ्यात आधी दाजीच्या हाती लागली होती. नंतर ती होडी धुऊन, बसायच्या भोकावरचं फाटलेलं कापडी झाकण शिवायला म्हणून मधलीकडे आली. होडीच्या नाकावर, कडीच्या आतल्या बाजूला, चिखलाने माखलेला एक आकडा अडकून बसला होता आणि त्याला बोटभर दोर लोंबत होता. दोर झिजून तुटलेला नव्हता, सुरीने कापलेला होता. आणि आकड्याजवळच्या वेढ्याची शिवण मरून धाग्याची होती. पांढरा धागा संपला म्हणून महिन्याभरापूर्वी मधलीनेच तो वेढा मरून धाग्याने शिवून दिला होता. दाजीला.

जो माणूस जवळपासही नव्हता, त्याचा आकडा बारक्याच्या होडीला लावला कुणी?

तिने तो आकडा काढून घेतला आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही. ताईला सांगावं तर ताईचा संसार. आईला सांगावं तर आई म्हणणार, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. दाजीच्या तोंडून ऐकल्याशिवाय आईला पटायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. दाजीने स्वतःच्या तोंडाने बोलावं, आईने ऐकावं आणि ते होताना आपण समोर असावं. या एका गोष्टीसाठी ती पोहायला शिकली, उलटायला शिकली, खांदे भरून येईपर्यंत वल्हं मारत राहिली. ह्या वर्षी दाजी नायक होणार असं ठरलं, तेव्हा ती पुढे झाली. "शेपूट मी होते, दाजी." दाजीने कौतुकाने तिच्या पाठीवर थाप मारली.

बारक्या गेल्यावर दाजीने घशाच्या तोंडाशी एक खांब उभा केला होता, बारक्याच्या आठवणीचा. त्यावर पांढरा पट्टा. पाणी पट्ट्याच्या खाली गेलं की घशात शिरायचं नाही. उद्घाटनाला दाजीने भाषण केलं होतं आणि तेव्हाही डोळे भरले होतेच. पट्टा दर वर्षी रंगवावा लागतो. यंदा ते काम मधलीने मागून घेतलं. जुना पट्टा तिने खरवडून काढला आणि नवा वीतभर खाली रंगवला. पाहुण्यांची फेरी निघायच्या आत तो पुन्हा वर न्यायचा, हेही तिने ठरवून ठेवलं होतं. तिचं वैर एकट्याशी होतं. खांबावरच्या शेवाळाची रेघ बघितली असती तर कुणालाही लबाडी कळली असती, पण दाजीला शेवाळ बघायची सवय कधीच सुटली होती. स्वतः केलेल्या नियमावर त्याचा फार विश्वास.

फेरीच्या आदल्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मधलीने आईला रिक्षात घालून क्लबवर आणलं आणि शेडमध्ये खुर्चीत बसवलं. "तेवढीच तुला हवा लागेल." शेडमध्ये रेडिओच्या टेबलाशी ताई बसायची. दुसरे दोन संच होडीत, एक नायकाकडे, एक शेपटाकडे. आई म्हणाली, "जावईबापूंच्या मागे मागेच राहा गं. ते सांगतील तसं कर." मधली म्हणाली, "तेच करणार आहे."

जाताना सगळं नीट झालं. येताना ओहोटी जोरात होती. धक्क्याच्या भिंतीवर हॉटेलवाला उभा होता, ज्याच्या पाहुण्यांवर क्लब चालायचा, आणि दाजीला त्याच्यासमोर झोकात यायचं होतं. त्याने खांबाकडे नजर टाकली. पाणी पट्ट्याच्या चार बोटं वर. "चल गं मधले, घशातून काढू!" तो ओरडला आणि घुसला.

मधली त्याच्या मागे निघाली, पण हळू. घशाच्या मध्यावर तळ उंच आहे, तोंडाशी खोलगट. दाजीची होडी मध्यावर पोचली आणि पोट घासून थांबली. त्याने वल्ह्याने ढकललं, शिव्या दिल्या, पुन्हा ढकललं. तेवढ्यात पाणी त्याच्या भोवतीने निघून गेलं. मधलीने आपली होडी खोलगट भागात थांबवली आणि तीही टेकली. बोलणं ऐकू येईल एवढंच दोघांत अंतर होतं. आजूबाजूला चिखल, खेकड्यांची भोकं आणि सडका खारा वास.

"पट्टा दिसला ना तुला? पाणी वर होतं पट्ट्याच्या!"

"होतं की. मी स्वतः रंगवलाय."

रेडिओवर ताईचा आवाज आला, "काय झालं? थांबलात का?" मधलीने बटण दाबून सांगितलं, "टेकलोय. पाणी आलं की निघू. काळजी नको."

भिंतीवर माणसं जमायला लागली. म्हशीच्या पाठीवर बसलेला क्लबचा मालक हे दृश्य रोज थोडंच दिसतं! "दाजी, अंडी उबवताय का?" कुणीतरी ओरडलं. "मुक्काम आहे का? अंथरूण पाठवू?" हॉटेलवाला हसत फोनवर फोटो काढत होता. दाजीचे कान लाल झाले. असा बराच वेळ गेला. पाणी अगदी तळाला गेलं. दाजी बसल्या जागी चुळबुळत होता, आणि मग त्याचे हात कमरेच्या झाकणाशी गेले.

चिखलात होडी बसली तर तुम्हीही बसा, पाय बाहेर काढलात की चिखल तुमचा मालक, हे वाक्य दाजी येईल त्या नवशिक्याला पहिल्या दिवशी ऐकवायचा. आता तोच झाकण सोडत होता. चार पावलं होडी ओढली की पलीकडे पाण्याची रेघ दिसत होती, आणि भिंतीवरचं हसणं त्याला सहन होत नव्हतं. 'दाजी, पाय काढू नका,' असे शब्द मधलीच्या जिभेवर आले. तिने ते गिळले. गिळताना तिला बरं वाटलं.

दाजीने एक पाय टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला दुसरा टाकला, तो मांडीपर्यंत. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते असं. त्याने होडीला धरलं, तर हलकी झालेली होडी ओल्या चिखलावरून घसरली आणि उतारावरून सरळ मधलीकडे आली. मधलीने हात लांब करून ती धरली. होडीच्या खिशात दाजीचा रेडिओही होता.

"ढकल इकडे!" दाजी म्हणाला.

मधलीने जॅकेटच्या खिशातून आकडा काढला आणि उन्हात धरला.

"हा ओळखता?"

दाजीने बघितलं. क्षणभर त्याचा चेहरा अगदी कोरा झाला. मग तो म्हणाला, "क्लबात असले पन्नास आहेत."

"मरून धाग्याचा एकच आहे. मी शिवलेला. बारक्याच्या होडीच्या नाकावर होता."

"तुला काय म्हणायचंय?"

"मला काही म्हणायचं नाही. तुम्हाला म्हणायचंय. मी ऐकणार आहे."

मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. तूच पट्टा खाली रंगवलास, तूच मला इथे आणून मारायला बघतेस, मी तुम्हा मायलेकींसाठी काय नाही केलं, घरच्यासारखं कोण उभं राहिलं, न्हाणीघरात दांडी कुणी बसवली. मधली ऐकत राहिली. दांडीचा उल्लेख झाला तेव्हा तिला एकदम हसू आलं.

आणि पाणी फिरलं. आधी घशाच्या तोंडाशी फेसाची एक बारीक ओळ आली, मग तिच्या होडीखाली काहीतरी सळसळलं आणि होडी हलली. खोलगट भागात भरती आधी शिरते. मधली तरंगायला लागली. दाजी मांड्यांपर्यंत रुतून उभा होता आणि पाणी त्याच्याकडे चाललं होतं. भिंतीवरच्या लोकांना लांबून तो नुसता उभा दिसत असणार. ते अजून हसतच होते.

मधली वल्हं मारत त्याच्यापासून एक वल्हं लांब येऊन थांबली. पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं.

"मधले, दोर टाक."

"टाकते. आधी आईशी बोला." तिने रेडिओ वर धरला. "बटण मी दाबते."

"वेड लागलंय का तुला? ताईचा संसार मोडेल. आईला सहन होईल का हे?"

"आईचं मी बघते. तुम्ही पाण्याचं बघा."

तो रडायला लागला. या खेपेस तिला त्या रडण्याचा राग आला नाही, कारण पहिल्यांदाच ते खरं होतं. पाणी त्याच्या पोटावर चढलं, जॅकेट वर उचललं जाऊन हनुवटीला लागलं, पण पाय हलेनात. तेव्हा त्याने मान हलवली. मधलीने बटण दाबलं. "ताई, आईला जवळ घे. दाजींना बोलायचंय."

तो बोलला. अडखळत, मध्ये मध्ये नाक ओढत, पण बोलला. बारक्याचा खांदा बाहेरच्या लाटेत निखळला होता. दाजीने आकडा लावून त्याला ओढत आणलं. हॉटेलवाला धक्क्यावर वाट बघत होता, पहिल्यांदाच आला होता, त्याला थांबवून ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून वळसा न घालता घशातून यायचं दाजीने ठरवलं. नको म्हणत होता तो बारक्या. अंधारून आलं होतं आणि वारा उलटा, धक्क्यावर काही दिसत-ऐकू येत नव्हतं. मध्यावर दोर जड झाला, दाजीची होडीही टेकायला लागली. त्याने दोर सोडला. वल्हं उभं धरलं नाही. होड्यांत रेडिओ तेव्हा एकच असायचा, तो शेपटाकडे. त्यावरूनही सांगितलं नाही. धक्क्यावर पोचला, हॉटेलवाल्याशी हात मिळवला, त्याच्याबरोबर बसला. आता सांगतो, मग सांगतो करता करता भरती आली. मग सांगता येईना. होडी सापडली तेव्हा आकडा निघेना, म्हणून दोर सुरीने कापून टाकला.

मधलीने बटण सोडलं. रेडिओवर नुसती खरखर आली. मग आईचा आवाज.

"तो हाका मारत होता का रे?"

बावीस वर्षं आई जावयाला अहो-जाहो करत होती. त्या 'रे'ने दाजीची मान खाली गेली. मधलीने पुन्हा बटण दाबलं.

"एकदाच," तो म्हणाला. "मी परत येतो म्हटलं होतं त्याला. तो हसला. म्हणाला, आईला सांगा, जेवायला थांबू नको, मला उशीर होईल."

मधलीला हे ठाऊक नव्हतं. तिचा हात बटणावर तसाच राहिला. तिच्या मनात सरळ आलं की आता वल्हं मारावं आणि निघून जावं. इतकं सोपं होतं ते. पाणी दाजीच्या छातीवर आलं होतं आणि तो तिच्याकडे बघत होता, बारक्याने त्याच्याकडे बघितलं असेल तसाच. तिने बटण सोडलं.

रेडिओ पुन्हा खरखरला. ताई होती. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "मधले, त्याला घेऊन ये. मेला तर लोक रडतील त्याच्यासाठी. मला नाही ते बघायचं."

मग मधलीने त्याची होडी त्याच्या छातीशी लावली, वल्हं आडवं टाकलं, आणि त्यानेच शिकवलं होतं तसं त्याला पालथं पडून एक एक पाय हलवायला सांगितलं. आकडा लावून तिने दोर ओढला. बूट चिखलात राहिले, पाय निघाले. ती त्याला ओढत धक्क्याला घेऊन आली. वाटेत तो सारखं काहीतरी म्हणत होता, गावात बोलू नकोस, हॉटेलवाल्याला कळू देऊ नकोस. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

शेडमधला रेडिओ मोठ्या आवाजात लावलेला असतो आणि शेडचं दार उघडंच असतं. उतारावर वॉचमन, क्लबची माणसं, हॉटेलवाला, सगळे उभे होते आणि कुणी हसत नव्हतं. एरवी होडी लागली की चार हात पुढे येतात. आज मधलीच्या होडीला आले. दाजी अनवाणी, मांड्यांपर्यंत काळा, पाण्याच्या कडेला होडीला धरून उभा राहिला आणि त्याची होडी पाण्यातच राहिली. ताई बाहेर आली, त्याच्यासमोरून चालत रस्त्याकडे गेली. थांबली नाही.

मधलीच्या अंगात नुसता आनंद भरला होता. खोटं कशाला बोला, आनंदच होता तो. दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव आटवला ते मनासारखं झालं होतं, त्याहून जास्तच झालं होतं. ती चिखलाने भरलेली तशीच शेडमध्ये गेली. आई खुर्चीत बसली होती, रेडिओच्या टेबलावर दोन्ही हात ठेवून. मधली तिच्या पायाशी बसली. "ऐकलंस ना? तो स्वतःहून घशात घुसला नव्हता, आई. निरोपसुद्धा ठेवला होता त्याने तुझ्यासाठी."

आईने तिच्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते.

"तुला कधी कळलं?"

"होडी शिवायला आली तेव्हाच. आकडा सापडला तेव्हा."

"म्हणजे तेव्हापासून."

"हो. पण मी सांगितलं असतं तर तुला पटलं नसतं. दाजींच्या तोंडूनच..."

"विचारलंस कधी मला? पटतं का म्हणून?"

मधली हातावरचा चिखल पुसायला लागली.

"रोज सकाळी मी माझ्या पोराला शिव्या घालत चहा प्यायले," आई म्हणाली. "चहा तू करून द्यायचीस. समोर बसायचीस. आणि मला घालू द्यायचीस."

तिने टेबलाला धरून उठायचा प्रयत्न केला. मधलीने आधाराला हात पुढे केला, तो आईने बाजूला सारला आणि वॉचमनला हाक मारली. "मला घरी सोड रे बाबा. रिक्षा बघ एखादी."

"मी येते ना," मधली म्हणाली.

"नको," आई म्हणाली. "तू थांब इथेच."